वैद्य हत्या (पुणे, 1986)

भारताचे माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांची पुण्याच्या कॅम्प भागात 10 ऑगस्ट 1986 रोजी, रविवारी, दुपार व्हायच्या बेतात झालेली हत्या. वैद्य स्वतः मारुती मोटार चालवत होते. शेजारी पत्नी भानुमती होत्या आणि मागच्या सीटवर एक सशस्त्र अंगरक्षक बसला होता. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गाडीला गाडी भिडवून जवळून गोळ्या झाडल्या. डोक्याला गोळ्या लागून वैद्य मरण पावले, भानुमती जखमी झाल्या आणि हल्लेखोर निसटले. देशाच्या लष्करप्रमुखपदावरून उतरून त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. संरक्षण पदाला मिळते आणि धोका माणसाला चिकटतो, या विसंगतीचे महाराष्ट्रातले हे सर्वांत ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

वैद्य (जन्म 27 जानेवारी 1926) हे रणगाडा दलातले अधिकारी. 1965 च्या युद्धात खेमकरण भागात, असल उत्तरच्या लढाईत, त्यांनी डेक्कन हॉर्स या पलटणीचे नेतृत्व केले. पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची वाताहत झाली ती याच लढाईत. त्या कामगिरीसाठी त्यांना महावीरचक्र मिळाले. 1971 मध्ये शकरगड आघाडीवर चिलखती ब्रिगेडचे नेतृत्व करताना ते दुसऱ्यांदा मिळाले. 1 ऑगस्ट 1983 रोजी ते लष्करप्रमुख झाले. सियाचीनची मोहीम आणि जून 1984 मधील अमृतसरच्या सुवर्णमंदिरातील ‘ऑपरेशन ब्लू स्टार’ ही दोन्ही त्यांच्या कारकिर्दीतली. पहिलीमुळे त्यांचे नाव लष्करी इतिहासात गेले, तर दुसरीमुळे खलिस्तानवाद्यांच्या यादीत. 31 जानेवारी 1986 रोजी निवृत्त होऊन ते पुण्यात स्थायिक झाले. निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची पुण्याला असलेली पसंती जुनीच आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. पती-पत्नी खरेदीसाठी बाहेर पडले आणि खरेदी आटोपून राजेंद्रसिंहजी रस्त्याने घरी निघाले. क्वीन्स गार्डन भागात अभिमन्यू रस्त्याकडे वळण्यासाठी वैद्यांनी वेग कमी केला. तेवढ्यात लाल रंगाची इंड-सुझुकी मोटारसायकल त्यांच्या बाजूला, गाडीला समांतर आली आणि मागे बसलेल्याने त्यांच्या डोक्यावर गोळ्या झाडल्या. ताबा सुटलेली मोटार एका सायकलस्वाराला धडकून एका बंगल्याच्या कुंपणाच्या भिंतीपाशी थांबली. रस्त्याने जाणाऱ्या एका मेटाडोर व्हॅनमधून वैद्यांना कमांड हॉस्पिटलमध्ये नेण्यात आले. तिथे ते मृत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. हत्येची जबाबदारी ‘खलिस्तान कमांडो फोर्स’ने घेतली आणि ब्लू स्टारचा सूड हे कारण सांगितले.

अशा घटनेनंतर पहिला प्रश्न अंगरक्षकाला विचारला जातो : तू काय करत होतास? तो स्वाभाविक असला तरी पुण्यातल्या या घटनेत त्याने फारसे हाती लागत नाही. मारुती ही त्या काळातली सर्वांत लहान मोटार. तिच्या मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला पुढे झेप घेऊन चालकाला झाकता येत नाही, कारण मध्ये सीटची पाठ येते. दार उघडून उतरायचे तर गाडी चालू असते, आणि बाजूच्या दुचाकीवर गोळी झाडायची तर निशाण्याच्या रेषेत आपलेच माणूस असते. मागून येणाऱ्या वाहनांवर सतत नजर ठेवणे एवढे एकच काम त्या जागेवरून नीट जमण्यासारखे. पण रविवारी सकाळी कॅम्पातल्या रस्त्यावर मागून दुचाकी येणे यात संशय घेण्यासारखे काय असते? पुणे तर तेव्हाही दुचाक्यांचेच शहर होते.

खरी चूक अंगरक्षकाच्या हातून त्या काही क्षणांत झाली नाही, ती आधीच रचनेत होती. ज्याचे रक्षण करायचे तोच स्टिअरिंगवर होता. रस्त्याच्या मधल्या बाजूची, म्हणजे समांतर येणाऱ्या दुचाकीला सर्वांत जवळची खिडकी त्याचीच. दोन्ही हात चाकावर आणि नजर वळणावर असलेल्या माणसाला खाली वाकायलाही सवड नसते. मागे दुसरी गाडी नव्हती. ती असती तर मोटारसायकलला वैद्यांच्या खिडकीपर्यंत येण्याआधी तिला ओलांडावे लागले असते. संरक्षणशास्त्रात सोबतच्या गाडीला महत्त्व आहे ते याच कारणासाठी. तिचे काम प्रत्युत्तर देण्याचे कमी आणि जागा अडवण्याचे जास्त असते. एक माणूस आणि एक शस्त्र दिले की संरक्षण दिले, अशी सरकारी समजूत तेव्हा होती. आजही ती पुरती गेली आहे असे म्हणवत नाही.

धोका कोणाला ठाऊक नव्हता असेही नाही. 31 ऑक्टोबर 1984 रोजी इंदिरा गांधींना त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी मारले होते. 31 जुलै 1985 रोजी दिल्लीत खासदार ललित माकन यांची त्यांच्या घराबाहेर हत्या झाली आणि पुढच्याच महिन्यात पंजाबात अकाली नेते संत हरचंदसिंग लोंगोवाल मारले गेले. ब्लू स्टारच्या वेळचे लष्करप्रमुख या मालिकेतून वगळले जातील, असे समजायला काहीच आधार नव्हता. खटल्यात सरकारी पक्षाने मांडले त्याप्रमाणे, कटातल्या लोकांनी पुण्यात साळुंके विहार भागात फ्लॅट भाड्याने घेतला होता. लष्करी अधिकाऱ्यांच्या घरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत कोणाला संशय आला नाही. पाळत ठेवणे हल्लेखोरांच्या बाजूने झाले, रक्षण करणाऱ्यांच्या बाजूने नाही.

उलगडा झाला तोही पोलिसांच्या सापळ्याने नव्हे. सप्टेंबर 1986 मध्ये पिंपरी भागात एका मोटारसायकलची ट्रकशी धडक झाली. तिथे झालेल्या बाचाबाचीत दुचाकीवरच्यांनी शस्त्राचा धाक दाखवला आणि ते पकडले गेले. त्यांच्यातला एक होता सुखदेवसिंग ऊर्फ सुखा. त्याचा साथीदार हरजिंदरसिंग ऊर्फ जिंदा पुढे हाती लागला. पुण्याच्या विशेष न्यायालयाने 21 ऑक्टोबर 1989 रोजी दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. खटल्यातले इतर आरोपी सुटले. हत्या केल्याचे या दोघांनी न्यायालयात नाकारले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 15 जुलै 1992 रोजी शिक्षा कायम केली आणि 9 ऑक्टोबर 1992 रोजी येरवडा कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली.

पुण्याला असा प्रकार नवा नव्हता. 22 जून 1897 च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यातून पाहुण्यांच्या बग्ग्या परतत होत्या. त्यांतल्या एकीत प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड होता. दामोदर हरी चापेकर बग्गीमागून धावला, मागचा पडदा वर केला आणि पाठीत गोळी घातली. काय झाले हे न कळल्याने बग्गी तशीच पुढे गेली. मागच्या बग्गीतले लोक आपसांत कुजबुजताना पाहून बाळकृष्ण चापेकरला संशय आला आणि त्याने त्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला ससून रुग्णालयात.

अनेक पुस्तकांत आयर्स्टचा उल्लेख रँडचा अंगरक्षक असा येतो. लेखकांनी तो एकमेकांवरून उचललेला दिसतो. आयर्स्ट हा लष्कराच्या कमिसरियट म्हणजे रसद खात्यातला अधिकारी. तो पत्नीसह समारंभाहून घरी निघाला होता. रँडला त्या रात्री अंगरक्षकच नव्हता. ज्याच्या हाताखालच्या गोऱ्या शिपायांनी दोनेक महिने पुणेकरांची घरे उघडून झडत्या घेतल्या, लोकांना प्लेगच्या छावण्यांत हलवले, तो अधिकारी अंधाऱ्या रस्त्याने एका गाडीवानाच्या भरवशावर चालला होता. झडत्यांचे काम मे महिन्यात थांबले होते. लोकांचा राग जूनमध्येही तसाच होता. दामोदरला 18 एप्रिल 1898 रोजी फाशी झाली. त्याची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी 1899 मध्ये ठार करण्यात आले. म्हणजे ज्यांना सरकारने बक्षीस दिले त्यांना राखणेही सरकारला जमले नाही. वासुदेव चापेकर, बाळकृष्ण आणि त्यांचा साथीदार महादेव रानडे यांना त्याच वर्षी मे महिन्यात फाशी देण्यात आली. तीही येरवड्यातच.

रँड आणि वैद्य यांना एका तागडीत घालण्याचे कारण नाही. एक परक्या सत्तेचा दडपशहा, तर दुसरा रणांगणावर दोनदा नाव कमावलेला सेनानी. पण संरक्षणाच्या अंगाने पाहिले तर दोन्ही ठिकाणी हल्ला परतीच्या वाटेवर झाला, वाहन सावकाश चालले असताना झाला, आणि हल्लेखोर वाहनाच्या अगदी लगत पोहोचेपर्यंत त्याला अडवणारे कोणी नव्हते.

अडवणारे पुष्कळ असले म्हणून भागते असेही नाही. 22 नोव्हेंबर 1963 रोजी अमेरिकेत डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी मारले गेले तेव्हा त्यांच्या उघड्या मोटारीत पुढे दोन आणि मागच्या गाडीत आणखी काही सीक्रेट सर्व्हिसचे रक्षक होते. वळण इथेही होतेच. ह्यूस्टन रस्त्यावरून एल्म रस्त्यावर जाताना ताफ्याला जवळजवळ उलटे वळावे लागले, आणि गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा मोटारीचा वेग ताशी 18 किलोमीटरच्या आसपास होता. पहिल्या आवाजानंतर चालक विल्यम ग्रीअरने वेग वाढवण्याऐवजी मागे वळून पाहिले. क्लिंट हिल हा रक्षक मागच्या गाडीवरून उडी टाकून धावला आणि मोटारीच्या पाठीवर चढला, पण तोवर प्राणघातक गोळी लागून गेली होती. उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या गाडीतल्या रुफस यंगब्लडने मात्र त्यांना तत्काळ खाली दाबून स्वतःच्या अंगाने झाकले. नेमकी हीच हालचाल केनेडींच्या गाडीत झाली नाही. समोर बसलेला रॉय केलरमन आणि केनेडी यांच्यामध्ये सीटची आणखी एक रांग होती.

केनेडींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगापुढे आणखी एक गोष्ट आली. आदल्या रात्री फोर्ट वर्थमध्ये नऊ रक्षकांनी नियम मोडून मद्य घेतले होते, आणि त्यांतले काही पहाटेपर्यंत जागे होते. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली नाही. शिक्षा दिली तर राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूचा ठपका त्यांच्यावर कायमचा बसेल, असे कारण त्यांच्या प्रमुखाने दिले. हा माणुसकीचा विचार होता की खात्याला झाकण्याचा, हे वाचणाऱ्याने ठरवावे. त्या जागरणामुळे रक्षकांच्या हालचाली मंदावल्या, असा निष्कर्ष आयोगाने काढला नाही. पण मार्गावरच्या इमारतींची आगाऊ तपासणी न करण्याच्या पद्धतीवर त्याने बोट ठेवले. 1965 मध्ये अमेरिकेने माजी राष्ट्राध्यक्षांना आजन्म संरक्षण देणारा कायदा केला.

पद सुटल्यावरही संरक्षण लागते, हा मुद्दा भारतात ध्यानात यायला आणखी एक बळी जावा लागला. पंतप्रधानांच्या संरक्षणासाठी 1985 मध्ये विशेष संरक्षण दल, म्हणजे एसपीजी, उभे राहिले आणि 1988 मध्ये त्याचा कायदा झाला. कायद्यात संरक्षण होते ते पदावरच्या पंतप्रधानाला आणि त्याच्या निकटच्या कुटुंबाला. डिसेंबर 1989 मध्ये राजीव गांधी पायउतार झाले आणि हे कवच गेले. पदावर असताना घेतलेल्या निर्णयांतून निर्माण झालेला धोका मात्र गेला नव्हता. 21 मे 1991 रोजी श्रीपेरुंबुदूर येथे ते मारले गेले. त्यानंतर कायदा दुरुस्त करून माजी पंतप्रधानांचा त्यात समावेश झाला. वैद्यांच्या हत्येनंतर पाच वर्षांनी हे घडले. पुण्याचा धडा वेळेवर वाचला असता तर पुढचे टळले असते, असा दावा करता येणार नाही. दोन्ही हल्ल्यांची जात वेगळी होती. पण पद सुटले की पहारा सुटतो हा नियम तेव्हाच तपासायला हवा होता.

पुढच्या काळात ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ अशा श्रेण्या रूढ झाल्या आणि पदाऐवजी धोक्याचा अंदाज हा निकष मानला जाऊ लागला. कागदावर हे योग्यच आहे. व्यवहारात या श्रेण्या मानमरातबाचे माप ठरल्या, आणि पहारा कमी झाला की धोका घटल्याचा आनंद मानण्याऐवजी राजकीय अपमान मोजला जाऊ लागला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सत्ताबदलानंतर या विषयावरून होणारी खडाजंगी वृत्तपत्रवाचकांच्या परिचयाची आहे.

वैद्यांच्या स्मरणार्थ मुंबईच्या गोरेगाव भागातल्या एका मोठ्या रस्त्याला ‘जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग’ हे नाव देण्यात आले. धोका मात्र एकट्या वैद्यांपुरता नव्हता. ब्लू स्टारमध्ये अमृतसरला प्रत्यक्ष कारवाईचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट जनरल कुलदीपसिंग ब्रार निवृत्तीनंतर मुंबईत राहिले, आणि त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे कडक बंदोबस्त राहिला. 30 सप्टेंबर 2012 च्या रात्री ते लंडनमध्ये होते. खाजगी सहल असल्याने सोबत फक्त पत्नी होती. ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ त्यांच्या गळ्यावर चाकूने वार झाला. 78 वर्षांच्या ब्रारांनी हल्लेखोरांशी झटापट केली आणि ते वाचले. या प्रकरणात पुढे दोषींना शिक्षा झाली. अमृतसरच्या कारवाईला तेव्हा 28 वर्षे उलटली होती.