तळटीप १२ : ऑटवे
१२. कथबर्ट जॉन ऑटवे (१८५०–१८७८) : इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा पहिला कप्तान. जन्म डोव्हरचा, शिक्षण ईटन व ऑक्सफर्डला, पेशाने बॅरिस्टर. वर उल्लेखिलेला ‘ग्लासगोचा सामना’ म्हणजे ३० नोव्हेंबर १८७२ रोजी तेथील एका क्रिकेट मैदानावर झालेली इंग्लंड-स्कॉटलंड लढत. हा जगातील पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना; तो गोलशून्य बरोबरीत सुटला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे, आपसांत चेंडू देत-घेत खेळणारे. इंग्रजांचा भर मात्र चेंडू पायाशी ठेवून एकट्याने मुसंडी मारण्यावर, आणि त्या कलेत ऑटवे फार वरच्या दर्जाचा होता. लेखक त्याला ‘हौशी’ म्हणतात ते शब्दशः खरे आहे : इंग्लंडमध्ये मानधन घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली ती १८८५ साली. १८७४ मध्ये त्याच्या कप्तानीखाली ऑक्सफर्ड विद्यापीठाने एफ. ए. चषक जिंकला. क्रिकेटमध्ये तो केंटकडून खेळला. एका नृत्यसमारंभानंतर थंडी बाधून तो आजारी पडला आणि २ एप्रिल १८७८ रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्याची मुलगी त्याच्या मृत्यूनंतर जन्मली. कबर लंडनच्या पॅडिंग्टन दफनभूमीत आहे.