कामगारांचे मूलभूत कौशल्य वर्ग : सुरुवात कामापासून

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे मासेमारी, आंबा आणि पर्यटन यांवर चालणारे किनाऱ्यावरचे गाव. येथील मालक म्हणजे नौकामालक, बागायतदार किंवा पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय करणारे कुटुंब. हाताखाली माणसे मोजकीच. 'कर्मचारी प्रशिक्षण' ही मोठ्या कारखान्यांची बाब, असा समज अशा ठिकाणी सहज होतो. वाचन, लेखन आणि हिशेब या मूलभूत कौशल्यांची उणीव मात्र येथेच अधिक महागात पडते.

फवारणीचेच पाहा. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील लाल रंग सर्वांत विषारी औषध दर्शवितो. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. रंग निरक्षरालाही कळतो, मात्रा कळत नाही. १० लिटर पाण्यास १० मिलि औषध, तर २०० लिटरच्या पिंपास किती, हे साधे त्रैराशिक चुकले, तर मोहोराबरोबर फवारणाऱ्याची प्रकृतीही धोक्यात येते. खलाशाची अडचण वेगळी. उचल किती घेतली, किती फिटली, हे वाचता न आल्यास मालकाच्या वहीवर विसंबावे लागते. काही मालकांना ते सोयीचे वाटत असेलही. पण हंगामाअखेरच्या तंट्यांचे मूळ तेथेच असते.

म्हणूनच वर्गाची सुरुवात बाराखडीपासून न करता, कोणाला कामात काय वाचावे व मोजावे लागते, याच्या यादीपासून करावी. हा विचार नवा नाही. कामगाराच्या व्यवसायाशी जोडलेले शिक्षण देण्यासाठी १९६७ मध्ये मुंबईत देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. या संस्थांना २००० मध्ये 'जनशिक्षण संस्थान' हे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये त्या केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. अक्षरओळखच नसलेल्या १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी २०२२ पासून 'उल्लास' साक्षरता कार्यक्रम आहे. औषधांच्या मात्रांविषयी दापोलीतील कृषी विद्यापीठाचा सल्ला घेता येतो.

शिक्षक गावातीलच असावा. पाठ्यपुस्तक म्हणून औषधाचे वेष्टन, वजनकाट्याची पावती, बँकेचे पासबुक आणि हवामानाचा इशारा पुरेसे आहेत. तीन नंबरचा बावटा लागला, हे ऐकून कळणे वेगळे आणि मोबाइलवरील इशारा स्वतः वाचून निर्णय घेणे वेगळे.

खरा पेच वेळेचा. दिवसभर राबलेला माणूस रात्रीच्या वर्गात डुलक्या घेतो. तेव्हा आठवड्यातून दोन तास कामाच्या वेळेतच द्यावेत आणि त्यांची मजुरी कापू नये. मजुरी कापली, की दुसऱ्या आठवड्यात वर्ग रिकामा होतो. जून-जुलैतील मासेमारीबंदीचा काळ स्थानिक खलाशांना सोयीचा असतो. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील नौकांवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने असतात आणि पावसाळ्यात ते गावी जातात. त्यांच्यासाठी हंगाम सुरू होतानाच, पहिली उचल देण्याच्या दिवसापासून वर्ग सुरू करावा लागेल. त्या दिवशी प्रत्येकाच्या हाती त्याच्या हिशेबाची स्वतंत्र वही द्यावी. पहिला धडा तोच.