आंब्याची फोड आणि हलती चित्रे

वाचकहो, आपल्यातील पुष्कळ शिक्षकांना शाळेतला ‘मीना-राजू मंच’ ठाऊक असेल. पण ही मीना कोण, कुठली, असे विचारले तर बरेचजण घुटमळतात. मीना ही चित्रातली मुलगी आहे. तिची हकिकत सांगायची तर थोडे मागे जावे लागते.

आपल्याकडे चित्रे हलती करण्याची युक्ती आरंभी हाताळली ती दादासाहेब फाळक्यांनी. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, अंकुर वाढेल तसतशी त्याची एकेक छबी टिपली आणि रोप पडद्यावर बघता बघता वाढलेले दाखवले. व्यंगपटाचे तत्त्व हेच; फक्त रोपाच्या जागी चित्र. सेकंदाला २४ छब्या, म्हणजे मिनिटाला १,४४०! एकेक चित्र दोनदा टिपले तरी ७२० चित्रे काढणे आलेच.

सरकारने हे काम १९५६ साली अंगावर घेतले. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपटांचा विभाग निघाला. शिकवायला डिस्नेकडचे क्लेअर वीक्स आले. हे गृहस्थ जन्माने हिंदुस्थानातलेच बरे का, मिशनऱ्याचे चिरंजीव. त्यांच्या हाताखाली राम मोहन हा तरुण तयार झाला. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट तेव्हा प्रत्येक थिएटरात दाखवणे सक्तीचे होते. नागपूर असो की तालुक्याचे गाव. पण पुष्कळांचा सूर उपदेशाचा. लोक तेवढ्यात विडी ओढून येत, आणि मला त्यात त्यांचा दोष वाटत नाही. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ मात्र लहानथोरांच्या तोंडी बसला. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, चित्रे भीमसेन यांची, संगीत आपल्या वसंत देसायांचे. त्यात ताई धाकट्या भावाला गोष्ट सांगते, हुकूम सोडत नाही.

आता मीना. सार्क राष्ट्रांनी १९९१ ते २००० हे दशक मुलींसाठी म्हणून ठरवले. त्यासाठी युनिसेफने चित्रातली मुलगी घडवायचे काम राम मोहन यांच्याकडे सोपवले. खरी मेहनत कुंचला उचलण्याआधीची! भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, चारही देशांत आपली वाटेल अशी मुलगी हवी. नाव कुठले, पोशाख कुठला, केस कसे? कागदावरची चित्रे घेऊन माणसे खेडोपाडी गेली, हजारो मुलांना आणि आईबापांना दाखवली, त्यांच्या सांगण्यावरून ती बदलली. मग मीना ठरली, धाकटा भाऊ राजू ठरला, आणि मिठू पोपट.

एका गोष्टीत घरात आंबा येतो. मोठी फोड राजूला, लहान मीनाला. जेवणातही तेच. मुलगा राबतो, म्हणून त्याला जास्त, असा घरचा हिशेब. तेव्हा दोघे एक दिवस कामांची अदलाबदल करतात, आणि ताटांचीही. संध्याकाळी राजू थकून, उपाशीपोटी बसतो. ‘मुलीला पोटभर द्या’ असे कुणी पडद्यावरून बजावत नाही. भुकेला राजू पाहून घरातलीच माणसे काय ते समजतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही गोष्ट वर्गात सांगून पाहा. आंब्याची फोड आली की जरा थांबा, आणि तुमच्या घरी कशी वाटणी होते, एवढेच विचारा. मुलगे हसतील. मुली काय सांगतात ते ऐका.