डॅटसन : एका नावाची हकीकत

२०२२ सालच्या एप्रिल महिन्यात वर्तमानपत्रांतून एक लहानशी बातमी आली, आणि त्याच आठवड्यात आमच्या बेळगावच्या कचेरीत एक सेवानिवृत्त गुरुजी येऊन बसले. गुरुजींचे कोणतेही प्रकरण न्यायालयात नव्हते, की कोणाला नोटीस धाडावयाची नव्हती. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी डॅटसन नावाची एक लहान मोटार घेतली होती. आयुष्यातली पहिली आणि, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर, शेवटची. हे नाव कंपनीने बाजारातून काढून घेतल्याची ती बातमी होती. "वकीलसाहेब," गुरुजी म्हणाले, "गाडी माझी आहे की हो. मग तिचं नाव दुसऱ्यानं कसं पुसलं?"

आम्ही वकिली रीतीने उत्तर दिले. नाव हे कारखानदाराचे व्यापारचिन्ह. ग्राहक वस्तू विकत घेतो, नाव विकत घेत नाही. दुरुस्तीची आणि सुट्या भागांची सोय पुढेही चालू राहील असे कंपनीने जाहीर केले होते, तेही त्यांस सांगितले. गुरुजींनी मान डोलावली. परंतु त्यांचे समाधान झालेले दिसले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. आमच्याही दारात त्याच नावाची एक गाडी उभी होती. त्या अस्वस्थतेपोटी आम्ही या नावाचे पूर्ववृत्त चाळू लागलो, तेव्हा असे आढळले की हे नाव पुसले जाण्याची ही पहिली वेळ नव्हे.

या नावाचा जन्म टोकियोतला. अमेरिकेत राहून यंत्रविद्येचा अनुभव घेऊन आलेल्या हाशिमोतो मासुजिरो या अभियंत्याने १९११ साली तेथे एक लहानसा मोटार-कारखाना काढला. त्यास द्रव्यसाहाय्य व पाठिंबा देणारे तिघेजण होते : डेन केन्जिरो, आओयामा रोकुरो आणि ताकेउची मेइतारो. १९१४ साली हाशिमोतो यांची गाडी टोकियोतील प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा या तिघांच्या आडनावांची रोमन आद्याक्षरे जुळवून तिला 'डॅट' हे नाव दिले होते. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे कोरण्याची चाल आहे. येथे ती मोटारीच्या कपाळी आली एवढेच. योगायोग असा की जपानी भाषेत 'दात्तो' म्हणजे जीव घेऊन पळत सुटलेला ससा. वेगाने धावण्यासाठीच जन्मलेल्या यंत्रास याहून साजेसे नाव शोधूनही सापडले नसते.

परंतु ससा फार धावला नाही. १९२३ च्या भूकंपाने टोकियो व योकोहामा ही शहरे उद्ध्वस्त झाली, आणि वाहनांची निकड भासू लागताच अमेरिकन कंपन्यांस तेथे उत्तम बाजारपेठ मिळाली. फोर्डने १९२५ साली योकोहामास आणि जनरल मोटर्सने १९२७ साली ओसाकास गाड्यांची जुळणी सुरू केली. त्यांच्या लोंढ्यापुढे देशी कारखान्यांचा टिकाव लागेना. १९२६ साली हाशिमोतो यांचा कारखाना ओसाकातील दुसऱ्या एका कारखान्यात विलीन झाला. त्या ओसाकाच्या कारखान्याच्या आरंभीच्या गाड्यांची रचना विल्यम गोरहॅम या अमेरिकन अभियंत्याने केली होती. हा गृहस्थ पुढे जपानातच रमला आणि १९४१ साली त्याने जपानी नागरिकत्व स्वीकारले. देशी म्हणून मिरविणाऱ्या वस्तूच्या वंशावळीत अशी एखादी परकी शाखा बहुधा असतेच.

लहान इंजिनाच्या गाड्यांवरील परवान्याची अट जपानी सरकारने सैल केली, तेव्हा १९३१ साली एक छोटी गाडी तयार झाली. 'डॅट'चे ते अपत्य, म्हणून त्यास इंग्रजीतील पुत्रवाचक शब्द जोडण्यात आला. पण त्या शब्दाचा जपानी कानास लागणारा उच्चार 'सोन' असा, आणि 'सोन' म्हणजे तोटा! व्यापारास निघालेल्या मुलाच्या नावात तोटा कोण ठेवील? पुढच्याच वर्षी एक अक्षर बदलून पुत्राचा सूर्य करण्यात आला. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एकच. शिवाय सूर्य हे जपानच्या ध्वजावरील चिन्ह. 'डॅटसन' हे नाव असे १९३२ साली सिद्ध झाले. आयकावा योशिसुके या उद्योगपतीने हा व्यवसाय हाती घेऊन १९३३ च्या अखेरीस योकोहामास नवी कंपनी स्थापिली, आणि १९३४ साली तिचे नाव 'निस्सान' असे ठेवले. वाचकांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. निस्सान या कंपनीहून तिच्या गाडीचे नाव वयाने वडील आहे.

पुढे युद्ध आले. कारखाना लष्करी मालमोटारींस जुंपला गेला आणि खाजगी मोटारी बंद पडल्या. पराभवानंतर १९४७ साली डॅटसन पुन्हा रस्त्यावर आली, ती अगदी साध्या रूपात. १९५२ साली कंपनीने इंग्लंडच्या ऑस्टिनशी करार केला व त्यांच्या गाड्या जपानात बांधण्यास आरंभ केला. प्रथम सुटे भाग इंग्लंडहून येत. काही वर्षांतच ते सर्व जपानात होऊ लागले. शिष्याने गुरूची विद्या उचलली आणि ती आपल्या गाडीत उतरविली.

त्या विद्येची कसोटी १९५८ साली लागली. ऑस्ट्रेलिया खंडास सुमारे सोळा हजार किलोमीटरची प्रदक्षिणा घालणाऱ्या शर्यतीत डॅटसनच्या दोन गाड्या उतरल्या : 'फुजी-गो' आणि 'साकुरा-गो'. जहाजांच्या व वाहनांच्या नावापुढे 'गो' हा प्रत्यय लावण्याची जपानी रीत आहे. हजार घनसेंटिमीटरहूनही कमी क्षमतेच्या इंजिनाच्या त्या गाड्यांपैकी 'फुजी'ने आपल्या वर्गात पहिला क्रमांक पटकाविला. या पथकाचे नेतृत्व कातायामा युताका यांच्याकडे होते, आणि डॅटसन या नावास जगात जी प्रतिष्ठा लाभली तिचा मोठा वाटा याच गृहस्थांचा आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत विक्री सुरू झाली होती. पण ऑस्ट्रेलियातील यशाने तेथील गिऱ्हाईक भुलणारे नव्हते. जपानच्या अरुंद रस्त्यांसाठी घडविलेली ती गाडी अमेरिकेच्या हमरस्त्यांवर धापा टाकू लागली. वेग घेण्यास विलंब लागे. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू होण्याची मारामार. १९६० साली कातायामा अमेरिकेत गेले आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावरील विक्रीचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी गाडी घेणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे गाऱ्हाणे ऐकून घेतले व ते पुनःपुन्हा टोकियोस कळविले. अमेरिकेत आरंभी जीव धरला तो डॅटसनच्या लहान मालवाहू गाडीने. बागकाम करणारे, छोटे शेतकरी, कारागीर अशा कष्टकरी मंडळींस ती मानवली. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'पाचशे दहा' ही घरगुती गाडी आली, आणि तिच्या पाठोपाठ '२४० झेड' ही देखणी क्रीडागाडी.

या क्रीडागाडीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जपानात तिचे नाव होते 'फेअरलेडी'. कंपनीचे अध्यक्ष कावामाता कात्सुजी यांस न्यूयॉर्कमध्ये पाहिलेली 'माय फेअर लेडी' ही संगीतिका आवडली होती, म्हणून हे नाव पडले होते. वेगवान गाडीस हे नाव अमेरिकेत शोभणार नाही असे कातायामांचे ठाम मत. म्हणून तिकडे ती 'डॅटसन २४० झेड' याच नावाने विकली गेली. सुमारे साडेतीन हजार डॉलरांत अशी गाडी तेव्हा दुसरी मिळत नव्हती. आफ्रिकेतील सफारी शर्यत १९७१ साली याच गाडीने जिंकली. आणि १९७३ साली पुन्हा जिंकली तेव्हा सुकाणूवर होते शेखर मेहता, युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे चालक. पुढे १९७९ ते १९८२ अशी लागोपाठ चार वर्षे मेहतांनी त्याच कंपनीच्या गाडीतून ही शर्यत जिंकली. याच सुमारास इंधनटंचाईने जग होरपळत होते. त्यामुळे थोड्या पेट्रोलात दूर जाणाऱ्या या गाड्या लक्षावधी घरांत पोचल्या. दोषही होतेच. जेथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात तेथे त्यांचे पत्रे गंजून खाली येत. तरीही इंजिन चालूच राही, अशी त्या मालकांची कौतुकमिश्रित तक्रार असे.

अशा रीतीने नाव घरोघरी झाले, आणि नेमके तेव्हाच ते काढून टाकण्याचे ठरले. १९८१ साली कंपनीने जाहीर केले की यापुढे जगभर 'निस्सान' हे एकच नाव चालेल. कंपनी एका नावाची आणि गाडी दुसऱ्या नावाची, हे चालकांस गैरसोयीचे वाटले. १९८६ पर्यंत हे स्थित्यंतर पुरे झाले. ज्यांनी ते नाव लोकप्रिय केले त्या कातायामांस त्यापूर्वीच, १९७७ साली, जपानला परत बोलाविण्यात आले होते. अमेरिकेतील गिऱ्हाइकास 'डॅटसन' ठाऊक होते. 'निस्सान' म्हणजे कोण, हे त्यास नव्याने शिकवावे लागले.

मालकांनी मात्र चिन्ह उचकटले नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन एकत्र आले, सुटे भाग धुंडाळू लागले, गंजलेले पत्रे बदलून घेऊ लागले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तर खुद्द कंपनीनेच काही जुन्या '२४० झेड' विकत घेतल्या आणि नव्यासारख्या करून अमेरिकेत पुन्हा विकल्या. कातायामांस १९९८ साली अमेरिकेच्या मोटार-उद्योगातील कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. २०१५ साली, वयाच्या १०५ व्या वर्षी, ते निवर्तले.

त्यांच्या हयातीतच या नावाचा पुनर्जन्म झाला, आणि तेथे आपला संबंध येतो. निस्सानचे भारताशी नाते तसे जुने. आपल्या लष्कराची 'जोंगा' ही मूळ निस्सानच्या आराखड्यावर जबलपूरला बनत असे, आणि तिचेही नाव 'डॅट'प्रमाणेच आद्याक्षरांचे, जबलपूरच्या शस्त्रास्त्र व तोफगाडी कारखान्यांचे. २०१२ साली कंपनीने जकार्ता येथे डॅटसनच्या पुनरागमनाची घोषणा केली. २०१३ च्या जुलैत दिल्लीनजीक नव्या गाडीचे अनावरण झाले आणि २०१४ च्या मार्चमध्ये चेन्नईजवळच्या ओरगडम येथे बनलेली 'डॅटसन गो' तीन लाखांहून थोड्या अधिक किमतीस विक्रीस आली. नावातला 'गो' तोच, 'फुजी-गो'मधला. २०१६ साली तिच्याहून स्वस्त 'रेडी-गो' आली.

ज्या घरांत तोवर दुचाकीवर चौघे बसत, त्या घरांसाठी हे नाव आता योजिले होते. पण त्याच वर्षी, २०१४ च्या नोव्हेंबरात, 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेच्या धडक-चाचणीत 'गो'ला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही, आणि गाडी बाजारातून मागे घ्यावी असे त्या संस्थेने कंपनीस कळविले. गाडी भारतीय नियमांत बसते, हे कंपनीचे उत्तर. कायद्याच्या दृष्टीने ते खरे होते. परंतु नियमांत बसणे आणि विश्वासास उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ च्या सुधारलेल्या आवृत्तीत पुढच्या दोन्ही आसनांसाठी हवेच्या पिशव्या आल्या. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे वळले होते. आमचा स्वतःचा अनुभव विचाराल तर, आमच्या उंच बांध्याच्या लहानशा गाडीने पावसाळ्यात चोर्ला घाट उतरून आम्हांस पणजीच्या न्यायालयात वेळेवर पोचविले, तेही अनेकदा आणि थोड्या खर्चात. वेगाने हाकण्याचा मोह मात्र आम्ही टाळला. त्या चाचणीचे वृत्त आम्हीही वाचले होते.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाचे ४७ वे कलम असे सांगते की नोंदलेले चिन्ह पाच वर्षे व तीन महिने वापरात नसेल, तर कोणा हितसंबंधी व्यक्तीच्या अर्जावरून ते नोंदपुस्तकातून काढता येते. म्हणजे चिन्हाचे आयुष्य मालाच्या विक्रीशी बांधलेले. विकलेली गाडी वीस वर्षे रस्त्यावर धावत असेल, तरी तिच्या मालकास त्या नावावर कसलाही हक्क नाही. कायदा एवढ्यावर थांबतो, आणि त्यास थांबणे भाग आहे.

तथापि इतिहास पाहता असे दिसते की या नावाची किंमत कारखान्यात ठरली नाही. बागवानाने ते वापरले, मेहतांनी ते चिखलातून हाकले, कातायामांनी त्यासाठी गिऱ्हाइकांचे बोल ऐकून घेतले, तेव्हा त्यास मोल आले. ज्यांनी दोनदा ते काढून घेतले त्यांनी आपला हक्क बजावला. परंतु त्या हक्काबरोबर एक ऋणही होते. शेवटच्या मालकाची शेवटची गाडी धावते आहे तोवर तिचे भाग मिळावेत, ती दुरुस्त करणारे हात मिळावेत, आणि जे संपले आहे ते संपले म्हणून वेळेवर सांगितले जावे, एवढे ते ऋण. नाव पुसले तरी हे ऋण पुसले जात नाही.

आमच्या गावाचे नाव सरकारी कागदांवर बदलले तेही २०१४ सालीच. घरात मात्र आम्ही अजून बेळगावच म्हणतो. गुरुजींस हे निराळे सांगावयास नको होते. पुढच्या भेटीत आम्ही त्यांस एवढेच सुचविले की गाडीचे कागद, दुरुस्तीच्या पावत्या आणि हमीपत्र नीट जपून ठेवावे. ते म्हणाले, "ठेवलंय की हो सगळं. आणि ते नाव पण पुसून लख्ख केलंय." आम्ही खिडकीतून खाली पाहिले. कचेरीसमोर उभ्या असलेल्या त्या जुन्या गाडीवर ती अक्षरे खरोखरच लख्ख दिसत होती.