आवाजाचं सोंग

११ सप्टेंबर १९४०. न्यू हॅम्पशायरमधलं हॅनोव्हर गाव, डार्टमथ कॉलेज. अमेरिकेतल्या गणितज्ञांचं अधिवेशन भरलंय आणि तुम्ही मागच्या दाराने आत शिरला आहात. कुणी हटकणार नाही. गणितज्ञ आपल्याच तंद्रीत असतात.

पुढे टेबलावर एक टेलिप्रिंटर आहे. फोन कंपनीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतले जॉर्ज स्टिबिट्झ सांगतायत की कोणत्याही दोन संमिश्र संख्या टाइप करा आणि गुणाकार हवा की भागाकार ते कळवा. कुणीतरी टाइप करतं. मिनिटभराच्या आत टेलिप्रिंटर आपोआप खडखडतो आणि कागदावर उत्तर उमटतं. गणित या खोलीत झालेलं नाही. ते चारेकशे किलोमीटरवर न्यूयॉर्कमध्ये, साडेचारशेच्या आसपास रिले असलेल्या एका यंत्रात झालंय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल जोडताना खटखटतात तेच हे रिले. गर्दीत एक दाढीवाले गृहस्थ पुन्हापुन्हा टेलिप्रिंटरकडे वळताना दिसतील, ते नॉर्बर्ट वीनर. जॉन मॉक्लीही इथेच आहेत. सहा वर्षांनी जगापुढे येणाऱ्या एनियाक या अवाढव्य संगणकाच्या दोन जनकांपैकी ते एक.

इथे सगळं बिनबोभाट जमलं, कारण यंत्र फोन कंपनीचं, रिले फोन कंपनीचे आणि तारही फोन कंपनीचीच. तार दुसऱ्याची आणि यंत्र आपलं, असं असलं की काय होतं ते बघायला चोवीस वर्षं पुढे चला.

मे १९६४, कॅलिफोर्नियातलं रेडवुड सिटी. खोलीत एक जुना टेलिप्रिंटर आहे. सामान उतरवणाऱ्या चार माणसांना घाम फोडेल एवढा जड. शेजारी साधा काळा फोन आणि एक ओबडधोबड पेटी. समोर बसलेले रॉबर्ट वाइटब्रेख्ट भौतिकशास्त्रज्ञ आहेत, मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम करतात आणि हौशी रेडिओवाले आहेत. जन्मापासून बहिरे आहेत. या खोलीत ऐकू येणारे तुम्ही एकटेच.

ते फोनचा रिसीव्हर उचलून पेटीवर ठेवतात आणि टाइप करू लागतात. पेटीतून दोन सुरांची किरकिर सुरू होते, एक सूर जरा खालचा, एक वरचा. १४०० हर्ट्झ म्हणजे एक, १८०० हर्ट्झ म्हणजे शून्य. असे पाच-पाच अंक मिळून एक अक्षर. तुम्हाला ती किरकिर नकोशी होते. वाइटब्रेख्टना ती कधीच ऐकू येणार नाही, तरी तिचा प्रत्येक सूर त्यांनीच ठरवलेला आहे.

पण ही आवाजाची यातायात कशाला? दोन तारा कापून पेटीला जोडल्या की झालं, असं तुम्हाला वाटेल. तसं केलं तर फोन कंपनी येऊन फोन काढून नेईल. अमेरिकेतला बहुतेक टेलिफोन एटीअँडटी या एकाच कंपनीच्या हातात होता आणि तिचा नियम साफ होता: आमच्या जाळ्याला परकी वस्तू जोडायची नाही. हा नियम कुठवर ताणला होता बघा. बोलणं शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून फोनच्या तोंडावर बसवायचं हश-अ-फोन नावाचं एक टोपण निघालं होतं. त्यात वीज नाही, तार नाही. तरी कंपनीने त्यावर खटला लढवला, सरकारी आयोगानेही कंपनीचीच री ओढली आणि १९५६ साली वरच्या कोर्टाने टोपणाच्या बाजूने निकाल दिला तेव्हा कुठे ते सुटलं. मक्तेदारीला टोपणाचीही धास्ती वाटते.

म्हणून वाइटब्रेख्टनी तारेला हातच लावला नाही. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यापुरती बांधलेली असते. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या मधलं तेवढं ती नेते, बाकीचं गाळून टाकते. त्या पट्ट्यात जे बसेल ते तारेच्या लेखी बोलणंच. मग अक्षरांनीच आवाजाचं सोंग घेतलं तर? रिसीव्हर जागेवर, तार जागेवर, कंपनीचा स्क्रूही कुणी फिरवलेला नाही. बोलणाऱ्याच्या तोंडी फक्त शब्दांऐवजी किरकिर आहे.

पलीकडे, पाचेकशे किलोमीटर दक्षिणेला पॅसाडिनात, जेम्स मार्स्टर्स आपल्या टेलिप्रिंटरसमोर बसलेत. वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर, स्वतः विमान चालवणारे आणि तेही बहिरे. सुरुवातीला त्यांच्या कागदावर नुसता अक्षरांचा काला उमटतो. दोष प्रतिध्वनीचा. लांबच्या फोनमध्ये आपलाच आवाज तारेच्या टोकावर आपटून क्षणभराने परत येतो. माणसाचा मेंदू तो सोडून देतो, यंत्राला ते साधत नाही. ते परत आलेले सूरही अक्षरं समजून घेतं. ही गाठ सोडवण्यात वाइटब्रेख्टचा बराच काळ गेलाय. आज पुन्हा खटपट, पुन्हा किरकिर आणि मग दोन्हीकडच्या कागदांवर सरळ, वाचता येणारी वाक्यं. दोन बहिरी माणसं कुणा ऐकणाऱ्याची मदत न घेता एकमेकांशी फोनवर बोलली.

टेलिफोनचं पेटंट घेणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे मुळात बहिऱ्या मुलांचे शिक्षक. त्यांची बायको मेबल बहिरी. आणि त्यांच्या यंत्राने १८७६ पासून पुढची ८८ वर्षं सगळ्यात कडेकोट दार लावलं ते बहिऱ्यांनाच. डॉक्टरला बोलवायचं तर शेजाऱ्याचं दार ठोठवा, नोकरीची चौकशी करायची तर ऐकू येणाऱ्या मुलाला फोनवर उभं करा. वाइटब्रेख्ट आणि मार्स्टर्स यांचे तिसरे सोबती होते अँड्र्यू सॅक्स, तेही बहिरे. तिघांनी पुढे कंपनी काढून ही पेटी विकायला आणली. टेलिप्रिंटर मात्र भंगारातून मिळवायचे, गॅरेजमध्ये दुरुस्त करायचे आणि घरोघर पोचवायचे. त्यावरच्या गप्पांची एक रीतही पडली. आपलं टाइप करून झालं की ‘जीए’ लिहायचं, म्हणजे आता तू बोल. फोन ठेवायचा तर ‘एसके’.

रिसीव्हर पेटीवर ठेवण्याची ही युक्ती थोड्याच वर्षांत संगणकवाल्यांनी सर्रास उचलली. सुटकेसमधलं टर्मिनल, त्यावर रबराच्या दोन वाट्या, वाट्यांत रिसीव्हर. कुठल्याही हॉटेलच्या खोलीतून कामाच्या संगणकाशी बोला. गमतीची म्हणून ही हकिकत सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. एका कंपनीच्या हट्टापायी हुशार माणसांची कित्येक वर्षं रबराच्या वाट्या घडवण्यात गेली.

तो हट्ट मोडला १९६८ साली. डॅलसच्या टॉम कार्टर यांचं कार्टरफोन नावाचं यंत्र होतं. तेलविहिरींवरच्या रेडिओला फोनशी जोडणारं, तेही आवाजाच्याच वाटेने. अशी साडेतीनेक हजार यंत्रं त्यांनी विकली होती. आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला: जाळ्याला इजा होत नसेल तर गिऱ्हाईक आपलं यंत्र जोडू शकतं. कंपनीने पुढे काही वर्षं मधे आपलीच भाड्याची ‘संरक्षक’ पेटी लावायला लावली. मग तीही गेली आणि भिंतीवर ती छोटी चौकोनी खाच आली, जिच्यात मोडेमची वायर टक्कन बसते.

आता लॉस एंजेलिसला या, पण फार थांबायचं नाही, ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. २९ ऑक्टोबर १९६९, रात्रीचे साडेदहा. विद्यापीठातल्या एका खोलीतून चार्ली क्लाइन स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकाला ‘लॉगिन’ पाठवायला बसलाय. ‘एल’ गेला, ‘ओ’ गेला, पलीकडचा संगणक कोसळला. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटचा पहिला निरोप दोन अक्षरांचा. मी तुम्हाला आणलंय ते त्याच्या कानाला लागलेला फोन दाखवायला. अक्षर पोचलं की नाही हे पलीकडचा बिल डुव्हाल साध्या फोनवरून सांगतोय. आणि संगणकांमधली तारही एटीअँडटीकडूनच भाड्याने घेतलेली आहे. निरोपाचे तुकडे करून, ज्या वाटेने जमेल त्या वाटेने पाठवायचे आणि पलीकडे जोडायचे, ही आर्पानेटच्या मुळाशी असलेली कल्पना रँड संस्थेच्या पॉल बॅरननी याच कंपनीपुढे मांडली होती. हे चालणार नाही, असं कंपनीच्या इंजिनियरांनी त्यांना सांगितलं होतं.

पाच वर्षांनी, ऑगस्ट १९७४ मध्ये, गंगा उलटी वाहू लागते. लॉस एंजेलिसजवळच्या मरीना डेल रे इथे डॅनी कोहेन आणि मंडळी संगणकाच्या जाळ्यावरून माणसाचा आवाज पाठवतायत, थेट मॅसॅच्युसेट्सच्या लिंकन लॅबपर्यंत. पोचलेला आवाज कान देऊन ऐकावा लागतो. इथे एक नवीच अडचण आहे. निरोपाचा एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवायचा, हा जाळ्याचा शिरस्ता. पत्राला तो चालतो. बोलणं मात्र तव्यावरच्या भाकरीसारखं, वेळेवर ताटात पडलं तरच त्यात राम. अर्ध्या सेकंदाने उशिरा आलेला शब्द न आलेलाच बरा. कोहेननी हा धोशा लावला आणि इतर काहींनीही तेच म्हणणं मांडलं, म्हणून १९७८ साली जाळ्याच्या नियमांची दोन कामं वेगळी केली गेली: तुकडे नुसते पुढे ढकलणं आणि हरवलेले परत मागवणं. आयपी आणि टीसीपी ही आज जोडीने येणारी दोन नावं तेव्हा सुटी झाली.

त्याआधी, १९७४ च्याच डिसेंबरात, आवाज आणखी बारीक दळला गेला होता. फोन कंपनीच्या डिजिटल वाहिनीवर बोलण्याला सेकंदाला ६४ हजार बिट लागतात, इथे साडेतीन हजारांत भागलं. आवाज जसाच्या तसा पाठवायचाच नाही. गळा, जीभ, ओठ या घडीला कसे असतील याचं गणित तेवढं पाठवायचं आणि पलीकडे त्यातून आवाज नव्याने घडवायचा. या गणिताच्या मूळ जनकांमध्ये जपानच्या इताकुरा आणि साइतो यांच्या बरोबरीने बेल लॅब्जमधले बिष्णू अटल आहेत, जन्माने कानपूरचे. आज मोबाइलमध्ये चालणाऱ्या आवाजाच्या आवळणीत या गणिताचा मोठा वाटा आहे.

आणि आता मुंबई. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांना खुलं केलंय. जुहूची एनसीएसटी ही संशोधन संस्था आणि पवईचं आयआयटी यांच्यात तर ऐंशीच्या दशकातच मोडेमवरून ई-मेल सुरू झाली होती, पण ती संशोधकांची चैन. तुम्ही दादरच्या एका ब्लॉकमध्ये आहात. बाहेर सप्टेंबरचा पाऊस. चित्रं दाखवणारं कनेक्शन म्हणजे अडीचशे तासांचे पंधरा हजार रुपये, फोनचं बिल वेगळं. म्हणून या घरात विद्यार्थ्यांचं पाचशे रुपयांचं खातं आहे, पडद्यावर नुसती अक्षरं.

“आई, फोन उचलू नकोस गं आता!”

“अरे, मावशीचा यायचाय ना फोन!”

मोडेम आकडा फिरवतो, टकटकटक. बिझी. पुन्हा. बिझी. दहाव्या-बाराव्या खेपेला पलीकडून एक लांब, सपाट सूर येतो, २१०० हर्ट्झचा. वाइटब्रेख्टना छळणारा प्रतिध्वनी आठवतो? तो दाबणारी यंत्रं आता लांबच्या तारांवर बसवलेली असतात आणि मोडेमला नेमकी तीच नडतात. हा सूर त्यांना सांगतो की इथे माणसं बोलत नाहीयेत, तुम्ही बंद व्हा. मग ती ओळखीची खरखर आणि किंचाळी: दोन मोडेम तार किती वाईट आहे ते जोखून वेग ठरवतात. पावसात भिजलेल्या केबलवर वेग उतरतो. निगमच्या या सेवेचा पहिला काळ इतका रखडला की तिचे प्रमुख बी. के. सिंगल यांना जाहीरपणे चूक कबूल करावी लागली.

जोडणी झाली. अक्षरं उमटू लागली. तेवढ्यात आतल्या खोलीत आईने पॅरलल फोन उचलला आणि सगळं संपलं.

याच वर्षीच्या फेब्रुवारीत इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने ‘इंटरनेट फोन’ नावाचा प्रोग्राम बाजारात आणला होता. दोन संगणक, दोन मायक्रोफोन, आणि अमेरिकेशी बोलणं स्थानिक कॉलच्या दरात. आयएसडी बूथमधल्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून अमेरिकेतल्या मुलाशी बोलणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आईबापांना तो केवढा आधार झाला असता! पण भारतात त्याला परवानगी नव्हती. परदेशी फोन हीच तर निगमची मोठी कमाई, आणि इंटरनेटही तीच विकत होती. बंदी १ एप्रिल २००२ ला उठली, तीही अर्धवट: परदेशातल्या फोनवर बोला, देशातल्या फोनवर नाही. एटीअँडटीला नावं ठेवताना हेही आठवलेलं बरं.

शेवटचा मुक्काम वॉशिंग्टन, डिसेंबर २०१६. आता अधिकाधिक बोलणं तुकड्या-तुकड्यांनी इंटरनेटच्याच रीतीने जातंय आणि वाटेत गळ्याच्या त्या गणिताने आवळलं जातंय. वाइटब्रेख्टचे दोन सूर मात्र कुठल्याच गळ्यातून निघत नाहीत. आवळताना ते विस्कटतात आणि बहिऱ्यांच्या कागदावर पुन्हा काला उमटतो. त्यामुळे मोबाइल कंपन्यांना ती जुनी सोय काढून तिच्या जागी नवी देण्याची मुभा अमेरिकी आयोगाने या महिन्यात दिली आहे. नव्या सोयीत टाइप केलेलं अक्षर त्याच क्षणी, अक्षर म्हणूनच पलीकडे उमटतं. आवाजाचं सोंग त्याला घ्यावं लागत नाही. या मुभेसाठी आयोगाकडे अर्ज करणाऱ्या कंपनीचं नाव एटीअँडटी.