रुळाच्या पोटातला चोर

विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे गाडी सुरू झाली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. तेव्हापासून वसई-विरारचा संसार रुळांवर चालत आला आहे. भाजी, फुले, चाकरमानी, शाळेची मुले, सगळ्यांचा भार त्या दोन रेघांवर! पण वाचकहो, वरून धडधाकट दिसणारा रूळ एके दिवशी अचानक का मोडतो, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

हा प्रश्न अमेरिकेला फार महाग पडला. २५ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर गावी आगगाडी घसरली आणि २९ माणसे दगावली. मोडलेला रूळ तपासला, तो तडा बाहेरून आत गेलेला नव्हताच. तो पोलादाच्या पोटात जन्मला होता आणि चाकांच्या भाराखाली वाढत गेला होता.

हा पोटातला चोर म्हणजे हायड्रोजन. त्याची चाहूल विल्यम जॉन्सन या इंग्रजाला १८७५ सालीच लागली होती. लोखंडी तार आम्लात बुडवली की ती ठिसूळ होते, मोडल्या जागी ओल लावली की तिथे बुडबुडे येतात, आणि तीच तार काही दिवस ठेवली की पुन्हा चिवट होते, असे त्याला आढळले. म्हणजे वायू आत शिरतो, आणि सवड मिळाली तर बाहेरही पडतो.

रुळात हा वायू येतो कुठून? ओलसर चुना, गंजके भंगार, दमट हवा यांतून. पोलाद पातळ असताना हायड्रोजन त्यात भरपूर विरघळतो. घट्ट होताना मात्र तेवढा मावत नाही. पोलाद झटपट निवले, तर तो आतच अडकतो, बारीक पोकळीत गोळा होतो, दाब वाढवतो आणि केसासारखे तडे पाडतो.

उपाय साधा निघाला. १९३०च्या सुमारास कॅनडातील मॅकी याने तापलेले रूळ झाकलेल्या पेट्यांत सावकाश निवू दिले. वायूला सवड मिळाली, तडे थांबले. पुढे पातळ पोलादावरची हवा ओढून घेऊन वायू आधीच काढण्याची रीत आली. आपल्याकडे भिलाईचा कारखाना १९६० पासून रूळ करतो. रेल्वेची अट अशी की पातळ पोलादात दहा लाख भागांत १.६ भागांहून अधिक हायड्रोजन नसावा. म्हणजे एका टनात अवघा १.६ ग्रॅम!

मग चोर शोधायचा कसा? वसईच्या १७३९च्या विजयानंतर नाशिकला गेलेली नारोशंकराची घंटा आपण जाणता. घंटेला तडा गेला, तर आवाज बद्द येतो. पण रुळातला बारीक तडा हातोड्याच्या आवाजाने कळत नाही. म्हणून कानाला न ऐकू येणारा ध्वनी रुळात सोडतात. तडा आडवा आला की त्याचा प्रतिध्वनी परततो. खुद्द वायू मोजायचा, तर पोलादाचा तुकडा तापवून त्यातून निघणारा हायड्रोजन मोजतात.

ही गोष्ट केवळ रेल्वेची नव्हे. वसईची हवा खारी आणि दमट. वेल्डिंगची कांडी ओल धरते आणि तीच ओल वितळल्या धातूत हायड्रोजन सोडते. जाड, कठीण पोलादाचा सांधा आज पक्का दिसतो. तडा मात्र तासांनी, कधी दिवसांनी उमटतो. तेव्हा शिक्षकांनी जस्त आणि आम्लाचा प्रयोग दाखवताना मुलांना एवढे जरूर सांगावे: हा वायू वजनाने सर्वांत हलका खरा, पण पोलादाला तो जड जातो. आणि ज्यांच्या घरी वर्कशॉप आहे, त्यांनी कांडी कोरडी ठेवावी.