बारदेशचें मीठ आणि संगमेश्वरचा भाव : एका शिवकालीन पत्राचा अर्थविचार

शिवकालीन पत्रांत वतन, इनाम, मोहीम व न्यायनिवाडा या विषयांचा भरणा मोठा असून निव्वळ व्यापारासंबंधीं पत्रें थोडीं आहेत. त्या थोड्यांत शके १५९३ मधील, म्हणजे इ. स. १६७१ च्या अखेरीचें, कुडाळच्या सरसुभेदारास गेलेलें मिठाच्या जकातीचें पत्र विशेष प्रसिद्ध आहे. परक्या मालावर जकात बसवून महाराजांनीं स्वराज्यांतील धंद्यास आश्रय दिला, असा सिद्धांत त्यावरून काढण्याची चाल आहे. हा सिद्धांत चुकीचा नाहीं. परंतु त्याच्या पाठोपाठ ‘म्हणजे भुर्दंड फिरंग्यास पडला’ असें जें सहज बोललें जातें, तें पत्रांतून निघत नाहीं व व्यापाराच्या रीतीसही धरून नाहीं. या दोन गोष्टी निरनिराळ्या करून दाखवाव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम पत्राचा आशय पाहूं. बारदेश प्रांत इ. स. १५४३ पासून पोर्तुगीजांच्या हातीं होता. तेथील मिठागरांतलें मीठ स्वराज्यांतील संगमेश्वरच्या मिठापेक्षां स्वस्त पडे. सबब व्यापारी तिकडे वळत. असें चालू राहिल्यास आपल्या बंदरांचा व्यापार बसेल, ही पत्रांतील चिंता आहे. उपाय असा सांगितला आहे कीं, बारदेशच्या मिठावर जबर जकात घ्यावी व तिचें मान संगमेश्वरच्या भावाशीं ताडून ठरवावें, म्हणजे त्या मिठाचा स्वस्तपणा उरणार नाहीं. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. मीठ आणण्याची सरसकट मनाई केलेली नाहीं. आणि जकातीचा आंकडा मनास येईल तसा न ठरवितां दोन ठिकाणच्या भावांतील अंतरावरून ठरविण्यास सांगितलें आहे. दूरच्या बाजारांतील भावाची इतकी बारीक दखल घेणारा राज्यकर्ता त्या काळीं विरळा.

आतां ही जकात भरली कोणी, हें पाहिलें पाहिजे. समजुतीकरितां आंकडे कल्पूं. बैलावरची एक गोणी मीठ बारदेशांत दोन रुपयांस व संगमेश्वरीं तीन रुपयांस मिळतें, व वाहतुकीचा खर्च सारखा आहे, असें धरूं. बारदेशच्या गोणीवर एक रुपया जकात बसली म्हणजे व्यापाऱ्यास दोन्ही वाटा सारख्या झाल्या, व तो संगमेश्वराकडे वळूं लागला. फिरंग्याचें गिऱ्हाईक तुटलें, हें खरें. संगमेश्वरच्या मिठागरवाल्याचा माल खपला, हेंही खरें. परंतु घाटावरच्या कुणब्यास जी गोणी दोनाच्या हिशेबानें मिळत होती ती आतां तिनाच्या हिशेबानें घ्यावी लागली. तो जास्त रुपया व्यापाऱ्यानें स्वतःच्या गांठचा दिला नाहीं, व फिरंग्यानेंही दिला नाहीं.

दुसराही एक घोटाळा या विषयांत नेहमीं होतो. एकाच जकातीनें परका माल बंद होईल व खजिनाही भरेल, असें मानलें जातें. माल येण्याचा बंद झाला तर चौकीवर जकात कशाची घेणार? आणि जकात भरपूर जमत असेल तर माल येतच आहे. एक हेतु जितका साधेल तितका दुसरा बुडेल. पत्रांतील मुख्य हेतु बंदर राखण्याचा आहे. म्हणून चौकीवरच्या उत्पन्नापेक्षां संगमेश्वरच्या उलाढालीवर त्याची परीक्षा करणें योग्य.

फ्रेंच ग्रंथकार बास्तिया यानें इ. स. १८५० मध्यें हाच दोष दाखविला होता : हुकुमाचा जो परिणाम डोळ्यांस दिसतो तेवढाच लोक मोजतात, न दिसणारा सोडून देतात. मिठागर दिसतें, बंदर दिसतें; चिमूटभर मीठ कमी वापरणारें घर दिसत नाहीं. मीठ तर असा जिन्नस कीं, तें श्रीमंतास लागतें तितकेंच गरिबासही लागतें. सबब त्यावरील बोजा गरिबावर प्रमाणाबाहेर पडतो.

तथापि एवढ्यावरून पत्रास दोष देणें घाईचें होईल. खुल्या व्यापाराचा आद्य पुरस्कर्ता ॲडम स्मिथ यानेंही इ. स. १७७६ च्या आपल्या ग्रंथांत राज्यसंरक्षणाचा अपवाद मान्य केला आहे. इ. स. १६६७ मध्यें बारदेशावर महाराजांची स्वारी झाली होती. शेजार भरंवशाचा नव्हता. मिठासारख्या रोजच्या जिनसेसाठीं परसत्तेवर अवलंबून न राहण्यास किंमत पडते, आणि ती देणें शहाणपणाचें असूं शकतें. न्यायमूर्ति रानडे यांनींही इ. स. १८९२ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत, इंग्लंडांत उपजलेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांस सर्वकाळ लागू पडतात, हें मत खोडून काढलें. पण किंमत देणें रास्त आहे असें म्हणणें वेगळें, आणि किंमत पडलीच नाहीं असें म्हणणें वेगळें.

या मिठाची कथा येथें संपत नाहीं. जगास खुल्या व्यापाराचा उपदेश करणाऱ्या इंग्रज सरकारनें इ. स. १८७८ च्या डिसेंबरांत पोर्तुगालशीं तह करून गोव्यांतील मिठाची पैदास आपल्या ताब्यांत घेतली व मोबदला म्हणून गोवें सरकारास सालिना चार लक्ष रुपये देण्याचें कबूल केलें. कारण उघड होतें. इंग्रजी मुलखांत मिठावर भारी कर होता, व गोव्याचें स्वस्त मीठ आंत आल्यास तो बुडाला असता. हा तह इ. स. १८९२ पर्यंत चालला. पुढें इ. स. १९०२ मध्यें नामदार गोखले यांनीं मध्यवर्ती कायदे कौन्सिलांत मिठावरील कर कमी करण्याची मागणी जोरानें मांडली. इ. स. १९०३ मध्यें मणास अडीच रुपयांचा कर दोन रुपयांवर आला, इ. स. १९०५ मध्यें दीड रुपयावर व इ. स. १९०७ मध्यें एका रुपयावर उतरला. आणि मिठाचा खप वाढला. कर भारी असतां लोक मीठ हात आंखडून खात होते, हें त्या वाढीनें सिद्ध झालें. जो दिसत नव्हता तो गिऱ्हाईक खपाच्या आंकड्यांत उभा राहिला.

इ. स. १६७१ च्या पत्रास मात्र असे आंकडे जोडलेले नाहींत. राज्यकर्त्याचा हुकूम हातीं आला. तो किती पाळला गेला, घाटावर मिठाची धारण किती चढली, हें हुकुमावरून कळत नाहीं. तें कळावयाचें तर घाटांतील चौक्यांचे जकातीचे झाडे, पेठांचे बाजारनिरख व वाण्यांच्या वह्या पाहिजेत. खेदाची गोष्ट ही कीं, दप्तर शोधतांना शिक्कामोर्तबाचा कागद आपण जपून ठेवितों आणि मीठमिरचीच्या हिशेबाचा रुमाल निरुपयोगी समजून वाळवीस देतों. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, असे रुमाल टाकूं नयेत. महाराजांच्या पत्रानें अर्धी हकीकत सांगितली आहे; उरलेली अर्धी एखाद्या वाण्याच्या वहींत, मिठाच्या पायलीसमोर लिहिलेल्या आण्यापैशांत असण्याचा संभव आहे. ती मिळेपर्यंत या जकातीची स्तुति करणारानें व निंदा करणारानेंही आपला निर्णय राखून ठेवावा, हें बरें.